मास्तरांचा मिरजेचा खटला

निपाणीतल्या आमच्या गल्लीतल्या मास्तरांइतका सरकारी नियमांवर जीव टाकणारा माणूस देवाने दुसरा घडवला नसेल, आणि घडवला असेलच तर तो आत्ता कुठल्यातरी खिडकीसमोर अर्ज घेऊन उभा असणार! सरकारी शाळेत नोकरी. साधी शिंक आली तरी डॉक्टरचा दाखला. रिकाम्या बाटल्या दाखवल्याशिवाय खात्याकडून औषधाचं बिल मंजूर होत नसे हे खरं, पण मास्तर शेजाऱ्यांच्याही बाटल्या धुऊन, तारीख चिकटवून कपाटात ठेवायचे. "ऱ्हाऊ द्या वो, कवा लागंल सांगता येत न्हाय."

ऐंशी सालच्या आसपास त्यांच्या बायकोच्या, आक्कांच्या, पोटात कळ उठली. मिळेल त्या गाडीने मास्तरांनी त्यांना मिरजेला नेलं. ऑपरेशन झालं, आक्का वाचल्या. मग खात्याचं पत्र आलं. निपाणी कर्नाटकात, मिरज पडली महाराष्ट्रात, मग आपल्याच राज्यातल्या हुबळीला का नेलं नाही? परराज्यातला उपचार अनावश्यक, सबब बिल नामंजूर. आता निपाणीहून मिरज कुठं अन् हुबळी कुठं! पण मास्तरांना झोंबलं ते वेगळंच. "अनावश्यक? हुबळी येस्तोवर ही मेली असती, त्ये आवश्यक हुतं व्हय?"

मास्तर थेट बेंगळूरच्या हायकोर्टात गेले. दर तारखेला बाटल्यांची ट्रंक सोबत. एकदा रेल्वेत एका म्हातारीने त्यांना वैद्य समजून गुडघ्यावर औषध मागितलं, तर यांनी तिला बिल कसं सादर करायचं ते शिकवलं! वकिलाने ती ट्रंक कोर्टात कधी उघडू दिली नाही, याचं दुःख त्यांना फार.

चार वर्षांनी निकाल लागला. जीव जायची वेळ आली की माणूस जवळचा दवाखाना गाठणारच, खर्च द्या, असं कोर्टाने खात्याला बजावलं. मास्तरांनी गल्लीभर पेढे वाटले. आमच्या ओट्यावर बसून त्यांनी निकाल पहिल्या ओळीपासून वाचून दाखवला. वाचून झाल्यावर आक्का हळूच म्हणाल्या, "आता सांगू का? वरीस झालं, परत दुखतंय. केस चाललीया, त्यात आनि एक बिल नगं, म्हनून बोलले न्हाय."

मास्तरांनी कागद तसाच टाकला. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने दोघं मिरजेला गेली. फार उशीर झाला होता. आक्का दिवाळीपर्यंत काढू शकल्या नाहीत.

पुढे संकेश्वर, बोरगावहून लोक अडकलेली बिलं घेऊन मास्तरांकडे यायचे. मास्तर फुकट अर्ज लिहून देत. पण लिहायला बसण्याआधी समोरच्याला म्हणत, "पयला घरला जा. बायकोला इचार, तुला काय दुखतंय का. मग ये."