भिंगरी आणि जावईबापूंची अदलाबदल

थोरलीच्या पोटात गोष्ट राहते, असं तिच्या कारखान्यात सगळ्या म्हणायच्या. कारखाना बुटांचा. तिथे ती चामडं कापायची, डाव्या पायाचे तुकडे वेगळे, उजव्याचे वेगळे. शेजारच्या टेबलांवरच्या बायका सासूची, नवऱ्याची, सगळी गाऱ्हाणी तिच्या कानात ओतून मोकळ्या व्हायच्या. ती ऐकायची, सुरी चालवत राहायची आणि त्यातलं अक्षरही बाहेर जायचं नाही. तिचं स्वतःचं सांगायला मात्र तिला जगात एकच माणूस होतं, ते म्हणजे तिची धाकटी जाऊ.

जावाजावांचं पटतं म्हटलं की लोक डोळे बारीक करतात. करोत बापडे. या दोघींचं खरंच पटायचं. एकीने भाजी चिरायला घेतली की दुसरी न सांगता कणीक मळायला घ्यायची, आणि सासरे आतून काही ओरडले की दोघी एकदमच हसायच्या.

घरात फुटबॉल आणला दिरानं. तो वॉशिंग मशीन दुरुस्त करायचा आणि उरलेला वेळ कॉम्प्युटरपुढे घालवायचा. हा फुटबॉल पायाने खेळायचा नव्हता. यात आपण मॅनेजर. टीम निवडायची, कोण कुठे उभा राहील, कोणत्या मिनिटाला काय करील, ते आधी भरून ठेवायचं, आणि मग टीव्हीवर ती अकरा माणसं आपलं कितपत ऐकतात ते पाहत बसायचं. एकदा सामना सुरू झाला की कोणीही काही बदलायचं नाही, असा घरचा नियम होता. सासऱ्यांना बटणं सापडायला वेळ लागायचा आणि ते चिडायचे, म्हणून तो केलेला.

दिराची एक टीम, थोरलीच्या नवऱ्याची एक, सासऱ्यांची एक. जावांना दोघींत मिळून एक. "तेवढी पुष्कळ झाली," असं दीर म्हणाला होता, आणि पुरुषमंडळी मनमुराद हसली होती.

या अर्ध्या-अर्ध्या मॅनेजरांकडे दोन विंगर होते, म्हणजे मैदानाच्या दोन्ही कडांनी पळणारे. डावीकडचा नुसता सुसाट. त्याचं नाव त्यांनी ठेवलं भिंगरी. उजवीकडचा जागचा हलायचा नाही. चेंडू कोणीतरी पायाशी आणून ठेवावा अशा थाटात उभा. ते जावईबापू. आता भिंगरीचा धाक सगळ्यांना होता, त्यामुळे जो तो आपला चपळ बॅक, म्हणजे कडेचा बचाव करणारा गडी, तिच्या वाटेवर उभा करायचा आणि जावईबापूंसमोर एखादा सुस्त गडी ढकलायचा. दिवसभर डावं-उजवं करणाऱ्या बाईला पुढचं सुचायला वेळ लागला नाही. तिने त्रेसष्टाव्या मिनिटाला दोघांच्या जागांची अदलाबदल भरून ठेवली. मुद्दामच असा आडनिडा आकडा. भिंगरी गेली उजवीकडे, तिथे तो सुस्त गडी नुकताच डुलकी काढायच्या बेतात होता, आणि पुढचं सांगायला नको.

आधी सासरे हरले, मग नवरा हरला. दोघांनीही नशिबाला बोल लावला. अदलाबदल आधी भरलेली असते, समोरच्याला ती दिसत नाही, आणि टीव्हीवरच्या त्या इवल्याशा माणसांत कोण कुठे गेलं हे बघायची तसदी कोणी घेतली नव्हती. ही युक्ती फक्त दोघींना ठाऊक होती. "मेले तरी सांगायची नाही," असं धाकटीनं हातावर हात मारून म्हटलं होतं.

आणि दोघींनाच ठाऊक असलेली आणखी एक गोष्ट होती. कारखान्याचा मालक दुसऱ्या गावात नवा कारखाना काढत होता आणि तिथला कटाईचा विभाग त्याने थोरलीला देऊ केला होता. हाताखाली माणसं, राहायला वर दोन खोल्या. ऐकल्यापासून तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. नवरा शाळेची बस चालवायचा. शाळा काय, तिकडेही होत्या. पण एवढ्या वर्षांचं एकत्र घर, सासरे, भाऊभाऊ. शाळांना सुट्टी लागली, नवरा जरा निवांत झाला की आपणच नीट समजावून सांगू, असं तिनं ठरवलं होतं. मालकही तोवर थांबायला तयार होता. पोटात मावेना, म्हणून घेवडा निवडता निवडता तिनं ते धाकटीला सांगितलं. "कुणाला नाही सांगणार," म्हणत धाकटीनं तिचा हात घट्ट धरला होता. थोरलीला वाटलं, आनंदानेच.

शेवटचा सामना रविवारी दुपारी दिराशी होता. पूर्वार्ध कोरा गेला. दिराचा चपळ बॅक भिंगरीला चिकटून होता, नेहमीसारखंच. थोरली मांडीवर हात ठेवून पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ बघत होती. त्रेसष्टावं मिनिट आलं. भिंगरी डावीकडून उजवीकडे निघाली, जावईबापू रमतगमत डावीकडे.

आणि त्याच मिनिटाला दिराचे दोन्ही बॅकसुद्धा निघाले. चपळ इकडे, सुस्त तिकडे. भिंगरी पोहोचली तर तिचा पहारेकरी आधीच तिथे हजर.

सासऱ्यांना काही कळलं नाही, ते पंचाला शिव्या देत होते. थोरलीला मात्र कळलं. हे आयत्या वेळी सुचलेलं नव्हतं, नियमच तसा होता. दिराने ते आधी भरून ठेवलं होतं, मिनिटासकट. तिनं धाकटीकडे पाहिलं. धाकटी सोफ्याच्या कव्हरचा निघालेला दोरा ओढत बसली होती.

दीर दोन गोलनी जिंकला. "काय वहिनी, आज भिंगरी फिरलीच नाही वाटतं!" म्हणाला. थोरलीही हसली. अशा वेळी माणूस हसतो, त्याला इलाज नसतो. पण सामना गेल्याचं तिला काडीचंही वाटत नव्हतं. हिनं हे सांगितलं, मग ते? एवढा एकच विचार तिच्या डोक्यात घण घालत होता. गेल्या आठवड्यापासून मालक तिच्याशी नव्या कारखान्याबद्दल एक शब्द बोलला नव्हता, हेही तिला तेव्हाच आठवलं.

ती तडक अंगणात गेली. नवरा सामना अर्ध्यात सोडून बस धुवायला गेला होता आणि सीटखाली पोरांनी चिकटवलेलं च्युइंगम पात्यानं खरवडत होता.

"अहो, तुम्हाला माझ्या त्या कामाचं कळलंय?"

त्याचा हात थांबला. "कळलंय. बरेच दिवस झाले."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलायचं काय त्यात? धाकटा जाऊन आला तुझ्या मालकाकडे. सांगून आला की वहिनींना जमायचं नाही, तोंडावर नाही म्हणायला संकोच वाटतोय त्यांना." त्यानं पुन्हा खरवडायला सुरुवात केली. "शिलाईतल्या कुणाला तरी दिली म्हणे ती जागा. चांगली बाई आहे."

थोरली बसच्या पायरीवर बसली. तिनं बरीच वाक्यं तयार करून ठेवली होती. सासऱ्यांच्या औषधांचं काय, दर रविवारी कसं यायचं, सगळ्याची उत्तरं होती तिच्याकडे. तिला एकही प्रश्न कोणी विचारला नव्हता.

"मला एकदा विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस," नवरा म्हणाला. अगदी शांतपणे म्हणाला, जणू तिचीच समजूत काढत होता. "घर मोडलं असतं गं."

तिला त्याचा राग आला, इतका की हातातलं पातं हिसकावून घ्यावंसं वाटलं. पण नवऱ्यानं काय शब्द दिला होता तिला? काहीच नाही. शब्द दिला होता दुसऱ्याच कुणी.

स्वयंपाकघरात धाकटी कपबश्या विसळत होती. थोरली शेजारी जाऊन उभी राहिली. तिनं सवयीनं फडकं घेतलं, सवयीनंच बशी पुसायला घेतली. धाकटीचं नाक लाल झालं होतं.

"ताई, मी मुद्दाम नाही केलं."

"मिनिट कोणी सांगितलं गं त्यांना?"

"मीच. पण ताई, तुम्ही गेला असतात तर माझं काय? मागे या बापलेकांत मी एकटी. एक रात्रभर झोप नाही आली मला. मग यांना सांगून टाकलं, म्हटलं, तुम्ही काहीतरी करा, ताईंना थांबवा."

म्हणजे दिरानं हिच्याकडून काढून घेतलं नव्हतं. हिनंच नेऊन दिलं होतं. थोरलीनं बशी ओट्यावर ठेवली.

"आणि खेळातलं? तेही तेव्हाच सांगितलंस?"

"नाही हो. ते काल. यांनी सहज विचारलं." धाकटीनं ओल्या हातानंच डोळे पुसले. तिला लपवाछपवी कधीच जमायची नाही; आताही तिनं मनात होतं ते जसंच्या तसं सांगितलं. "तुमचं एवढं मोठं सांगून बसले होते ताई, मग विंगरचं काय लपवायचं?"

थोरलीला काहीतरी बोलायचं होतं, पण ते नेहमी जिला सांगायची ती समोरच उभी होती. तिनं पुढची बशी उचलली.