पूजलेल्या रिमांचं माप

सासऱ्यांनी मला जावई म्हणून पास केलं नव्हतं. नुसतं वरच्या वर्गात ढकललं होतं. मेहुण्याच्या लग्नात नवरदेवाला आपल्याच गाडीतून हॉलवर न्यायचं आणि त्यांचं मत बदलायचं, असं मी ठरवलं. गाडी जुनी होती, म्हणून निदान रिम तरी चकचकीत हवेत. (मूळ रोग हा!)

पनवेलच्या जुन्या टायर-रिमवाल्या इक्बालभाईंनी चार सेकंडहँड अलॉय रिम काढून दिले. म्हणाले, "साहब, नुसती चमक बघू नका, ऑफसेट बघा. नट बसतात ती बैठक रिमच्या मध्यापासून किती सरकलीय, ते. चुकलं तर चाक आत घासेल, नाहीतर बाहेर येईल."

"मोजायचं कसं?"

"रिम पालथा घाला, मागच्या काठावर पट्टी आडवी ठेवा, तिथून बैठकीपर्यंत मोजा. ते बॅकस्पेसिंग. जुन्या चाकाशी जुळलं तर ठेवा, नाहीतर परत आणा. निश्चिंत राहा."

खांदा कॉलनीत घरी आल्यावर रिम वर ठेवले आणि मी खाली जुनं चाक काढून, पालथं घालून मोजलं. वर येतो तर आईने चारही रिम पाटांवर मांडून त्यांना हळदकुंकू वाहिलेलं. मी एक उचलून पालथा घालायला लागलो.

"अरे, पूजलेल्या वस्तूचं तोंड जमिनीला? आणि तेही घरात शुभकार्य असताना?"

"अगं, मोजायचंय मला."

"मग वरून मोज. माप वरून घेतलं काय नि खालून घेतलं काय."

मी इंजिनिअर आहे. (इलेक्ट्रिकल. पण आहे.) तरी मला ते पटलं. वरून मोजलं, तर जुन्याच्या मागच्या मापाशी नव्याचं पुढचं माप तंतोतंत जुळलं. मला भरून आलं.

इक्बालभाईंकडे नेऊन बसवल्यावर चारही चाकं गाडीबाहेर आली, भरलेल्या बादल्या नेणाऱ्या माणसाच्या कोपरांसारखी. इक्बालभाईंनी एकदा गाडीकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं.

"उलटं मोजलंत, साहब. परत द्या."

पण घरी आई ऐकेना. "पूजलेली वस्तू परत देतात का कुणी? लग्न होईपर्यंत हात लावायचा नाही." रिकामी गाडी तशी ठीक चालत होती, म्हणून मीही रिम तसेच ठेवले.

लग्नाच्या दिवशी पुढे सासरे बसले. मागे नवरदेव, करवली म्हणून माझी बायको आणि तिची मावशी. गाडी खाली बसली. पहिल्याच गतिरोधकावर टायर वरच्या पत्र्याला घासले आणि जळक्या रबराचा वास सुटला. करंजाड्याचा हॉल अजून लांब, मुहूर्त जवळ. मला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

"काय झालं?" सासरे म्हणाले.

"वजन थोडं कमी करावं लागेल."

"कुणाचं? नवरदेवाचं?"

"मी उतरले तर करा कोण धरणार?" बायको म्हणाली. मावशींनी नुसता गुडघा दाखवला.

सासऱ्यांनी शांतपणे हात पुढे केला. "जावईबापू, किल्ली द्या. मी चालवतो."

फेटा सावरत मी उतरलो. सासरे माझ्या जागेवर बसले आणि गाडी निघाली. मी कान देऊन ऐकत राहिलो. पुढच्या गतिरोधकावरूनही ती अलगद गेली, कुठेही घासली नाही. म्हणजे रिम तसे ठीकच होते. गाडीला जड झालो होतो तो मी, एकुलता एक जावई.