मळणी यंत्रामागचा डबा

“आणखी एकडाव बघू की,” हे अण्णांचं पालुपद. ट्रॅक्टरची पिन बसवली, तरी ती पुन्हा काढून बसवणार. चहा पिऊन झाला, तरी कप उलटा करून बघणार. तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, ज्याच्या सावधपणाला आपण हसतो आणि त्याच्याच भरवशावर राहतो. त्यांचं नाव इथं सांगत नाही. आम्ही सगळे त्यांना अण्णाच म्हणायचो.

बीदरजवळ कोळारला माझं वेल्डिंगचं दुकान आहे. रस्त्याची कामं संपली की ठेकेदार आपल्या चाकांवरच्या केबिनी विकून टाकतात. मी त्या दुरुस्त करून विकतो. आम्ही त्यांना डबाच म्हणतो.

अण्णा ठाणाकुशनूरकडचे. हंगामात ट्रॅक्टरमागे मळणी यंत्र जोडून गावोगाव फिरायचे. आधी सोयाबीन, मग तूर, मग हरभरा. त्यांची बायको, आमची अक्का, कायम बरोबर. ती खळ्यावर भाकरी करायची, यंत्रात पेंढ्या टाकायची आणि यंत्राच्याच सावलीला पोत्यावर कलंडायची. वर्षानुवर्षं तुरीचं भुसकट छातीत जाऊन तिला दमा जडला होता. उदगीरला दिलेली लेक ‘माझ्याकडं ये’ म्हणून थकली, पण अक्का अण्णांना सोडून राहायला तयार नव्हती.

“मग तिच्यासाठी घरच संगं न्यावं म्हनलं,” अण्णा म्हणाले. “यंत्राच्या माघं जोडता यील, आन आत भुसकट जानार न्हाई, असा डबा दाव.”

माझ्याकडे तीन जुने डबे होते. अण्णांनी ट्रॅक्टरमागचं यंत्र सोडलं नाही. ट्रॅक्टर, त्यामागे यंत्र आणि त्यामागे डबा, अशी सगळी वरात करून प्रत्येक डबा त्यांनी आवारात फिरवून पाहिला. सगळ्यात मोठा डबा देखणा होता, आत खाटसुद्धा होती. मला तोच खपवायचा होता. पण वळणावर तो यंत्राला बाजूला ओढायला लागला. अण्णा उतरले.

“ह्यो आमाला नाल्यात न्हील, मिस्त्री.”

“सावकाश चालवा की.”

“मी सावकाशच चालवतो. उताराला कोन सांगनार?”

मग त्यांनी ट्रॅक्टरवरून एक पोतं काढलं. त्यात घरून भरून आणलेलं तुरीचं भुसकट होतं. मला त्यांनी दुसऱ्या डब्यात बसवलं, दार लावलं आणि बाहेरून पाटीनं भुसकट उधळायला लागले. मला शिंका सुटल्या.

“किती आल्या?” बाहेरून आवाज.

“सात.”

“मग ह्यो न्हाई.”

तिसरा डबा लहान होता, पण यंत्रामागे सरळ चालत होता. त्यात मी दोनदाच शिंकलो. “आणखी एकडाव बघू,” म्हणत अण्णांनी उरलेलं पोतं रिकामं केलं. खिडकीला रबर बसवायचं आणि अक्काचे गुडघे दुखतात म्हणून तीन ठेंगण्या पायऱ्या जोडायच्या, असं ठरलं.

काम झाल्यावर ते अक्काला घेऊन आले. त्यांच्या हाताच्या आधारानं ती एकेक पायरी चढली. आत गेली आणि दाराची मागची बाजू बघायला लागली.

“आतून कडी हाय व्हय?” तिनं विचारलं.

“हाय की.”

तिनं दार लावून घेतलं, कडी घातली. आम्ही दोघं बाहेर उभे. बराच वेळ झाला, तेव्हा अण्णांनी हाक मारली, “अगं, काय करायलीस?”

“काय न्हाई,” आतून आवाज आला. “बसलेय. इतकी वर्सं लुगडं बदलायला तुरीच्या वळीत जायलाव. जरा बसू द्या.”

अण्णांनी मान खाली घातली.

तूर निघायच्या आधीच अक्का गेली. थंडी वाढली आणि दम्यानं घात केला. डबा तुरीच्या हंगामालाच न्यायचा होता, म्हणून तो अजून माझ्याच आवारात होता. महिन्याभरानं अण्णा ट्रॅक्टर आणि यंत्र घेऊन आले. मला त्यांच्याकडे बघवेना.

“अण्णा, डबा राहू द्या इथंच. मी दुसरं गिऱ्हाईक बघतो.”

“कामून?” ते म्हणाले. “तिनं पसंत केलाय.”

त्यांनी डबा जोडला. पिन बसवली आणि निघाले. त्या दिवशी ती त्यांनी पुन्हा काढून बघितली नाही.

पुढच्या हंगामात मी एका दुरुस्तीसाठी राजेश्वर गावी गेलो होतो. खळ्यावर अण्णांचं यंत्र चालू होतं, भुसकटानं सगळं धुरकट झालेलं. डब्याचं दार लावलेलं होतं आणि आतून तान्ह्या बाळाचं रडणं येत होतं. मजुरांतली एक बाळंतीण आत होती. अण्णा मात्र तोंडाला फडकं बांधून ट्रॅक्टरच्या चाकाशी बसले होते, डोळे लाल.

“दुपारचं तरी आत बसत जावा,” मी म्हणालो.

“तिच्याबिगर न्हाई बसवत,” ते म्हणाले. “बायामानसाला हुतोय उपयोग. ह्या गावात तान्ह्या लेकरावाल्या तिघी-चौघी हायत.”

यंदा हरभऱ्याच्या खळ्यावर त्यांच्या छातीत दुखायला लागलं. बीदरला आणेपर्यंत सगळं संपलं होतं. मला कळलं ते पंधरा दिवसांनी, त्यांच्या उदगीरच्या लेकीचा फोन आला तेव्हा.

“काका, आईअप्पाचा जोडीनं एक बी फोटो न्हाई घरात. तुमच्याकडं असंल का?”

काम झालं की मी फोटो काढून ठेवतो. शोधत बसलो आणि सापडला. अक्का पायरीवर, चक्क हसतेय. तिला हात देऊन अण्णा उभे आहेत, पण माझ्याकडे पाठ करून. मी लेकीला तसं सांगितलं, चेहरा दिसत नाही म्हटलं. ती म्हणाली, पाठवा तरी.

थोड्या वेळानं तिचा पुन्हा फोन आला. आधी नुसतं रडणं ऐकू आलं. मग म्हणाली, “चालतंय काका, ह्योच लावते. ल्हानपनी आमाला आजीजवळ ठिवून हंगामाला निघायचे ना, तवा आई वळून वळून बघायची. अप्पाची पाठच दिसायची. हे अप्पाच हायत.”