काम घरी येतंय म्हणे

विलास, मी उदगीर सोडलं त्या सकाळी तू बसमागं धावला नव्हतास. हे आधीच सांगून टाकते, कारण तू बायकोला, वनिताला, आणि पोरीला, रुपालीला, काहीबाही रंगवून सांगतोस. मला पोचवायला आलेला तू बसमध्ये चढून खिडकीच्या जागेसाठी भांडत होतास. गाव सोडणार मी, आणि खिडकी पाहिजे तुला. अण्णा कंडक्टरला पुन्हा पुन्हा विचारत होते, गाडी हैदराबादपर्यंत जाते ना, बिदरातच तर सोडत नाही ना. आई बसच्या दाराशी उभी होती. जेवत जा, जपून राहा, असलं काही म्हणाली नाही ती. एवढंच म्हणाली, "तिथं कुणी गोड बोललं की आधी गप बस. मग काय ते बघ." मी तेव्हा आजच्या रुपालीएवढीच होते. तुला खाली उतरवलं आणि बस सुटली, तशी मी ढसाढसा रडले, आणि शेजारच्या बाईनं मला लिमलेटची गोळी दिली. आईनं सांगितलं होतं म्हणून मी ती खाल्ली नाही.

मावशीनं कळवलं होतं की पंख्याच्या फॅक्टरीत वाइंडिंगला मुली घेतात. हैदराबादेत, चिक्कडपल्लीत, तिच्याकडं राहायचं आणि सकाळी कंपनीच्या बसनं जायचं. वाइंडिंग म्हणजे पंख्याच्या पोटात जे लोखंडी कडं असतं, त्याच्या खाचांत तांब्याची बारीक तार हातानं भरायची. जास्त ओढली तर तुटते, सैल सोडली तर पंखा आयुष्यभर कुरकुरतो. माझ्या बाजूला शाहीन बसायची, जुन्या शहरातली. तिच्याकडून मी दखनीतलं हौ आणि नक्को शिकले, तिनं माझ्याकडून शेंगदाण्याची चटणी उचलली. गावाकडं आले की तुम्ही हसता, अक्काची मराठी बाटली म्हणता. बाटू दे. त्या मोडक्या बोलीवर माझं लग्न झालं, संसार झाला, भाड्याच्या का होईना, दोन खोल्या झाल्या.

फॅक्टरी कशी गेली ते मी तुला कधी नीट सांगितलं नाही. एक दिवस बाहेरून साहेब आले. फार सभ्य माणूस. आमच्या मागं उभा राहायचा, हात बघायचा, तार कितपत ताणता ते विचारायचा, मोबाइलवर शूटिंग करायचा. त्या दिवसांत आम्हाला चहाबरोबर क्रीमची बिस्किटं मिळायची. शाहीन म्हणाली, "ये लोगां बिस्कुट काइकू खिलारे की, मालूम नै." मला मात्र आईचं वाक्य आठवलं नाही, कारण कुणीतरी आपलं काम बघतंय याचंच अप्रूप वाटलं होतं. मग मशीन आलं. मशीनला तार लावून द्यायला आमच्यातल्या दोघी ठेवल्या. पुढं पंख्याचं पोटच बाहेरून तयार यायला लागलं, आणि मशीनलाही काम उरलं नाही. आज तिथं उंच इमारती आहेत आणि प्रत्येक खोलीत एसी आहे. पंखा कुणाला हवाय.

त्यानंतर मी डबे केले. आमच्या गल्लीत निम्मी मुलं सरकारी नोकरीच्या परीक्षेचा अभ्यास करतात आणि उरलेली त्यांना चहा पाजतात. त्यांची जाहिरात निघाली की गल्लीत दिवाळी, पेपर पुढं ढकलला की सुतक. इतकी हुशार पोरं वर्षानुवर्षं एका खुर्चीकडं डोळे लावून बसलेली पाहिली की मला धडकीच भरते. आता तर डबेही ॲपवरून येतात. तेव्हा शाहीननंच ही नवी नोकरी शोधून काढली.

या नोकरीचं तुला फार कौतुक आहे म्हणून नीट सांगते. मेट्रोनं जायचं, लिफ्टनं वर जायचं. वर एक भलामोठा हॉल आहे आणि हॉलमध्ये घर मांडलंय. खोटं घर. पलंग आहे, त्यावर कुणी झोपत नाही. शेगडी आहे, तिला गॅस नाही. कपाळाला पट्टा बांधायचा, पट्ट्यावर कॅमेरा, आणि दिवसभर घरकाम करायचं. टॉवेलांच्या घड्या घालायच्या, मोडायच्या, पुन्हा घालायच्या. धुतलेली भांडी धुवायची. हात सतत कॅमेऱ्यात दिसले पाहिजेत. हे सगळं बघून म्हणे एक यंत्र शिकणार आहे, आणि ते कुठल्या कुठल्या देशांत लोकांच्या घरी जाऊन काम करणार आहे. आमचा इन्चार्ज प्रवीण, तेलुगू पोरगा, मनानं चांगला. मला अक्काच म्हणतो, त्यांच्याकडंही थोरल्या बहिणीला अक्काच म्हणतात. काही विचारलं की म्हणतो, "एमी कादु अक्का," म्हणजे काही होत नाही. दुधानं तोंड पोळलेल्या बाईला हे सांगतोय तो.

आता तूच सांग. आईनं जन्मभर घर झाडलं, भांडी घासली, भाकरी थापल्या. कुणी तिला त्याचा पगार दिला? मी फॅक्टरीतून आल्यावर तेच सगळं करायची, ते कुणी कामात धरलं? घरात बसून असते, एवढंच म्हणतात बाईला. आणि आज अचानक त्याच कामाला हजेरी आहे, पगार आहे, वर एसीची हवा. ज्या कामाला जगानं कधी काम म्हटलं नाही, त्याला जग पैसे मोजायला लागलं, तर कुठंतरी पाणी मुरतंय. मी संशयी आहे म्हणतोस. आहेच.

एकदा प्रवीणनं सांगितलं, मी ऑफिसला जाणारा नवरा, मी दार ओढून बाहेर पडलो की तुम्ही लगेच झाडू घ्या. तो गेला. मी झाडू हातात धरून उभीच. तो दाराबाहेरून ओरडतोय, अक्का, स्टार्ट, आणि माझा हात चालेना. माणूस उंबऱ्याबाहेर पडला की लगेच केर काढत नाहीत, हे त्या पोराला कसं सांगू? सांगितलं तरी. तो हसला. म्हणाला, कुणी गेलंच नाहीये, मी इथं दारामागं आहे. मग मी झाडलं. कितीतरी वेळा झाडलं, कारण त्यांना वेगवेगळ्या बाजूंनी हवं होतं. मेट्रोत बसल्यावर मला भयंकर वाईट वाटलं. कुठल्यातरी परक्या मुलखातलं यंत्र आता माणूस बाहेर पडला रे पडला की घर झाडायला लागणार, आणि ते माझ्याकडून शिकलेलं असणार.

ही गंमत म्हणून मी तुला फोनवर सांगितली. त्याच बोलण्यात सांगून बसले की कंपनीला आता खरी घरं हवीत, खेड्यातली, चुलीची, भाकरी थापणारी बाई असेल तर फारच उत्तम. तू प्रवीणचा नंबर मागितलास. मला वाटलं, सहज मागतोयस. दोन-चार दिवसांनी तुझा फोन, आवाजात नुसता आनंद. "अक्का, कॅमेऱ्याचं खोकं घरी यायलंय. रुपाली आणि आई घरूनच करतेत. आता कुणाला गाव सोडायची गरज नाही. कामच घरी येतंय."

विलास, हे वाक्य ऐकायला मी किती वर्षं कान लावून बसले होते! फॅक्टरीतून परत येताना बसमध्ये डोळे मिटून मी हेच मागायची, की काम उदगीरला यावं आणि मी घरी जावं. आणि ते आलं तेव्हा मी तुला शाबास न म्हणता आधी आईला फोन लावला.

आईशी बोलले, तर ती मलाच वेड्यात काढायला लागली. म्हणाली, "बघायले तर बघू दे की. काय नेतेत? भाकर बघून कुणाचं पोट भरायलंय का?" हीच ती बसच्या दारातली आई. वय झालं की माणसं भोळी होतात, की मीच फार शहाणी झालेय, देव जाणे.

अण्णा जनावरांच्या बाजारात दलाली करायचे. उपरण्याखाली हात घालून, एकमेकांची बोटं दाबून भाव ठरायचा. भोवती गर्दी असायची, पण हात कुणाला दिसत नसे. मी लहानपणी विचारलं होतं, झाकून का करता? तर म्हणाले, "हात दिसला की सौदा समोरच्याचा झाला." ते बैलाच्या भावाबद्दल बोलत होते, आणि मला ते आत्ता, या वयात, कपाळाला पट्टा बांधल्यावर कळतंय.

मी प्रवीणला सरळ विचारलं, यंत्र शिकून झालं की आम्ही काय करायचं? तो म्हणाला, नवीन कामं येतील. कुठून येतील? येतील अक्का, नेहमीच येतात. सुटलेल्या बसची वाट बघणाऱ्या माणसाला स्टँडवरचा चहावाला सांगतो ना, येईल येईल, तसं म्हणाला. मग म्हणाला की त्यालाही माहीत नाही. तेवढं मात्र मला खरं वाटलं.

मी नको म्हणाले तेव्हा तू म्हणालास, स्वतः पट्टा बांधतेस आणि आम्हाला नको म्हणतेस. बरोबर बोललास, मला लागलं. मी सोडलेली नाही नोकरी, भाडं सुटत नाही म्हणून. पण मी जिथं झाडते तिथं कुणी राहत नाही रे. तुझ्या घरात आई राहते. तिथं रुपाली केस विंचरते, वनिता तुझ्यावर चिडून ताट आदळते. ते सगळं त्या पट्ट्यात जाणार. आणि शिकून झालं की खोकं परत जाईल, काम जाईल, आणि पोरगी घरातच बसलेली असेल. आपल्याच घरात बसून बेकार. मी निदान फॅक्टरीच्या गेटबाहेर बेकार झाले.

आमच्या फॅक्टरीतल्या एका फिटरनं मोटारी रिवाइंड करायचं दुकान टाकलंय. उन्हाळ्यात बोअरच्या मोटारी जळतात, कूलर जळतात, आणि प्रत्येक मोटार आपापल्या तऱ्हेनं जळलेली असते. सुट्टीच्या दिवशी मी तिथं बसते, हात अजून चालतो. त्याला माणूस हवाय. रुपालीनं आयटीआयला इलेक्ट्रिशियन केलंय, तिला तार धरता येते, बाकी मी शिकवीन. हे काम कायम राहील असं मी छातीठोक सांगत नाही. उद्या त्यावरही कुणी बिस्किटं घेऊन येईल. पण आलंच तर निदान तिला आधी वास येईल, एवढी खात्री मी देते.

तू विचारशील, मग तुझं घर कुठलं, इथलं की तिथलं? मलाही पुष्कळ वर्षं कळलं नव्हतं. आता कळतंय. दिवसभर हॉलमध्ये नीटनेटक्या घड्या घालून मी चिक्कडपल्लीला येते, टॉवेल कसाही खुंटीवर फेकते, भांडं आपटते, पोळी करपवते. कुणी बघत नाही, कुणी काही शिकून जात नाही. घर म्हणजे एवढंच. तसलं एक माझं इथं आहे, आणि एक तुझ्याकडं अजून शिल्लक आहे. ते विकू नको.

खोकं आलं असेल तर उघडू नको, तसंच परत कर. आईला सांग, अक्का नाही म्हणाली. शिव्या मला बसू दे. आणि रुपालीला या रविवारी सकाळच्या गाडीत बसवून दे. मी इमलीबनच्या बस स्टँडवर उभी राहीन. एकटीलाच पाठव, सोबत तू येऊ नको. तू आलास तर जेवायला घालीन, पण स्टँडवर तुझे डोळे भरतील आणि तू पोरीला तसाच माघारी घेऊन जाशील. माझा तुझ्यावरही भरवसा नाही.