मन्मथच्या चौकशीला आलेला पाहुणा

आमच्या उंबरवाडीची माती काळी. भिजली तर पाय धरते आणि वाळली तर तोंड उघडते. लातूर जिल्हा नवा झाला त्या साली तिनं एवढी तोंडं उघडली की चरणाऱ्या शेरडांचे पाय भेगांत अडकू लागले. औशाच्या बाजारात दुकानांच्या पाट्यांवरचं 'जि. उस्मानाबाद' खोडून 'जि. लातूर' लिहिणं चाललं होतं. जिल्हा आला होता, पाऊस आला नव्हता.

त्याच साली मन्मथ औरंगाबादहून भूगोलात एम.ए. होऊन गावी परतला. बाप रेवणप्पा लहानपणीच गेलेला. आई रत्नम्मा तेव्हापासून भावाच्या आधारानं याच गावात राहिलेली आणि त्या साली रोजगार हमीच्या नाल्यावर घमेली वाहणारी. पोरगा शिकला, आता मास्तर होईल, असं गाव धरून चाललं होतं.

पण मन्मथचं चित्त दुसरीकडं होतं. कॉलेजात एन.सी.सी.च्या एका कप्तानानं नकाशा पसरून सांगितलं होतं की जमीन वाचता आली तर शत्रू कुठून येणार ते बसल्या जागी कळतं, आणि सैन्यात एवढंच काम करणारी माणसं असतात. बंदुकीच्या आधी त्यांची बातमी पोहोचते. त्या दिवसापासून पोराला झोप नव्हती. लष्करात अधिकारी व्हायचं, आणि तेही गुप्तवार्ता विभागात.

हाड त्याचं त्याच कामाचं होतं. पाण्याचा टँकर कधी येणार हे सरपंचाला सांगता यायचं नाही, मन्मथला यायचं. टँकरवाल्याची सासुरवाडी पलीकडच्या गावात, आणि तिथं बाजार भरला की स्वारी आधी तिकडं वळते, हे त्यानं कुणाला न विचारता हेरलं होतं. बाया त्याचं तोंड बघून घागरी उचलायच्या.

दिल्लीची लेखी परीक्षा तो पास झाला. मुलाखतीच्या मंडळानं त्याला दिवसचे दिवस धावायला, बोलायला, दोरावरून चढायला लावलं, तेही पार पडलं. डॉक्टरांनी तपासलं. आता फक्त पोलिसांची चौकशी उरली होती. यातलं अक्षर त्यानं घरी सांगितलं नव्हतं. आईनं विचारलं की म्हणायचा, "नोकरीचं बघायलोय." गुप्तवार्तेत जाणाऱ्यानं पोट उघडं टाकू नये, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. तिथंच घोटाळा झाला.

फाट्यावर मामाचं, गुरुबसप्पाचं, किराणा दुकान. एका दुपारी एस.टी.तून पांढऱ्या सदऱ्यातला एक माणूस उतरला. त्यानं पान मागितलं आणि हळूच विचारलं, "रत्नम्माचा पोरगा कसा हाय हो?"

आमच्याकडं परका माणूस एखाद्या पोराचं असं हळू आवाजात विचारू लागला की तो मुलीकडचाच. भाच्यावर पहिला हक्क मामाच्या पोरीचा, आणि त्याची शिवकांता त्या वर्षी अहमदपूरला मास्तरीण व्हायचं शिक्षण घेत होती. एम.ए. झालेला भाचा डोळ्यांदेखत कोण घेऊन जातंय म्हणून मामानं तोंड सोडलं.

"पोरगा हुशार हाय, न्हाई कशाला म्हणू? पर पितो. पत्त्याचा नाद हाय. अन् औरंगाबादेत कसल्या मोर्चात धरला होता, कोठडीत होता म्हणतेत. संगत लई वाईट."

पाहुण्यानं मान हलवली, मामाचंच नाव विचारलं आणि परतीच्या गाडीनं गेला.

संध्याकाळी मामा बहिणीच्या ओट्यावर ऐटीत येऊन बसला. "अक्का, तुझ्या पोराचं एक स्थळ आज मोडलं. उदगीरकडचे असतेल. लई श्रीमंत दिसला माणूस."

रत्नम्मा म्हणाली, "तुझ्या जिभेला हाड न्हाई, बसप्पा."

मन्मथ भाकरी खात होता. त्याचा हात थांबला. "मामा, त्यानं पाण्याचं विचारलं? आपल्या विहिरीला पाणी हाय का न्हाई?"

"न्हाई बा."

"असल्या सालात पोरगी देणारा पाण्याचं विचारत न्हाई? बरं, आपला मठ कोणता, ते?"

"ते बी न्हाई."

"मग विचारलं काय?"

"औरंगाबादेत कुठं राहायचा, कुणासंगं बसतो-उठतो, कुठल्या पक्षात हाय..." मामाचा आवाज बारीक होत गेला.

"पायात काय होतं?"

"तांबडे बूट. चकचकीत."

मन्मथ उठून उभा राहिला. "मामा, तो सोयरा नव्हता. तसले तांबडे बूट पोलिसाचे असतेत. पोलीस होता. मला लष्करात घ्यायचं का न्हाई, ते बघायला आला होता."

मग सगळं बाहेर आलं. परीक्षा, मंडळ, अधिकारी घडवणारी डेहराडूनची लष्करी शाळा. रत्नम्मा कधी पोराकडं बघे, कधी भावाकडं. हसावं की रडावं तिला कळेना. मामा मात्र भिंतीला टेकला. "मन्मथा, आरं आधी सांगायचं होतंस की रं!"

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं मामा-भाचे लातूरला गेले. नव्या जिल्ह्याच्या पोलीस कचेरीत रंगाचा वास होता. विचारत विचारत गेले, तर तांबड्या बुटांचा माणूस, जमादार ज्ञानोबा, टेबलाशी सापडला. कागद लिहून तयार होता, दुपारी साहेबांच्या सहीला जाणार होता.

मन्मथ बोलायला गेला तर जमादारानं हात वर केला. "तुम्ही गप बसा. तुमचीच चौकशी हाय."

मामा म्हणाला, "साहेब, मी सांगितलं ते समदं खोटं हाय. पोरगा सुपारीचं खांड तोंडात टाकत न्हाई."

"कमाल झाली शेठ! तुम्ही सख्खे मामा. काल एक सांगता, आज दुसरं. यातलं खरं कोणतं?"

"आजचं."

"कशावरून? भाचा संगं हाय म्हणून बोलत असाल. काल खोटं बोलायचं कारण काय होतं?"

कारण सांगायचं म्हणजे पोरीची गोष्ट भाच्यासमोर, परक्यासमोर चव्हाट्यावर मांडायची. पण कागद समोर दिसत होता. त्यानं टोपी काढली.

"साहेब, माझी पोर ह्याला द्यायची होती. तुम्ही मुलीकडचे वाटलात."

शेजारच्या टेबलावरचा शिपाई फिसकन हसला. जमादार हसला नाही. "म्हणजे तुमचा डाव अजून तिथंच हाय. पोरगा साहेब झाला तर जावई म्हणून आणखी चांगला. मग मी आज तरी का विश्वास ठेवू?"

मन्मथला हे बोलणं मनातून पटलं. मग मामानं गळ्यातलं इष्टलिंग सदऱ्याबाहेर काढून तळहातावर घेतलं. आम्हा लिंगायतांत ते हातात घेऊन बोललेलं मोडत नाहीत.

"ह्या भाच्यावरचा माझा हक्क मी सोडला. माझी पोर मी दुसरीकडं देईन. ह्याला शब्द मागणार न्हाई, अक्काला बी मागणार न्हाई. आता ह्यात माझं काय राहिलं असंल तर सांगा, अन् मग खोटं म्हणा."

जमादारानं कागदाची घडी घालून खिशात टाकली. "आता तुमचं ऐकायला हरकत न्हाई. गावात पुन्हा येतो. दहा घरं विचारतो."

आला तो गणवेशात. मामानं गावाला बजावलं होतं, खरं तेवढंच बोला. गावानं ऐकलं नाही. चांगुणा म्हातारीनं तर पोराची आरतीच ओवाळली. शेवटी जमादार म्हणाला, "पुरे आता! पोरगा माणूस हाय का महादेव?"

शिवकांता सुट्टीला आली तेव्हा तिला सगळं कळलं. बापाला म्हणाली, "माझा हक्क सोडताना मला एकदा विचारायचं होतं. मी बी न्हाईच म्हणणार होते. मला आधी शाळेवर लागायचं हाय." ते ऐकून मामा हलका झाला.

पोस्टमन आला तेव्हा सगळं गाव नाल्यावर होतं. मन्मथनं लिफाफा फोडला, वाचला, आणि तो बांधावरून असा धावत सुटला की बायांना वाटलं टँकरच आला.

"आई, डेहराडून! बोलावलं!"

रत्नम्माच्या डोक्यावरचं घमेलं खाली आलं. घमेल्यांची रांग थांबली. दुकान उघडं टाकून मामा गुळाची आख्खी ढेप खांद्यावर घेऊन पळत आला आणि दगडानं फोडून ज्याच्या त्याच्या धुळकट हातावर खडा ठेवू लागला. मुकादम ओरडला, "ए, हात चालवा! आजच्या खोदाईचं माप भरायचं हाय!"

"आज माझं माप भरलं," रत्नम्मा म्हणाली, आणि गुळाचा मोठा खडा त्याच्याच हातावर ठेवून पोराला घेऊन घराकडं निघाली.