भट्टीत वाळवलेले दगड

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय, ते विचारू नका. एकदा तोंडातून बाहेर पडू दे, एवढंच.

मी तापट, हे सगळ्या उचगावला ठाऊक. दस्तगीरचाचाला मी रागाच्या भरात मारलं, असंच लोक धरून चालले. मीही चालू दिलं. रागाचं बरं असतं की — लोक दोन दिवस बोलतात आणि सोडून देतात.

ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. लोखंड ओतणाऱ्या फौंड्र्यांची साच्याची वाळू तपासायची आमची लहानशी प्रयोगशाळा. चाचा तिथं नमुने कुटायचा, भांडी धुवायचा. माझ्या बापाच्या वयाचा माणूस. एकदा राधानगरीकडच्या एका खाणीतून टाकाऊ दगडांची पोती आली. त्या दगडांचा ढीग ओढ्याकाठी घालायचा होता. पावसात भिजून त्यातून आम्ल सुटेल का, एवढंच आम्ही सांगायचं. पोती ओलीचिंब. वाळू वाळवतो तसे मी ते दगड सरळ भट्टीत टाकायला लावले. हाताची सवय, दुसरं काय!

थोड्या वेळात फटाक्यांसारखा वास नाकातोंडात भरला. चाचा खोकत आला. "साहेब, ह्यातलं गंधक जळून चाललंय की! मग आम्ल कशातनं हुणार? दुसरं पोतं सावलीत वाळवू या."

बरोबर होतं हो त्याचं! मला तिथल्या तिथं कळलं. पण बाटल्या धुणाऱ्यानं मला शिकवायचं? "तू तुझं काम बघ," म्हणालो. भाजलेलेच दगड तपासले, 'आम्ल होणार नाही' असं लिहिलं आणि खाली सही ठोकली.

पुढच्या पावसाळ्यानंतर खालच्या गावची माणसं ट्रक भरून आली. ओढा तांबडा झालेला, मासे मेलेले, काठची भातं जळून गेलेली. दारावर लाथा बसल्या. कपाटं आडवी झाली, काचांचा चुरा झाला. एकानं माझा गळा धरून मला भिंतीवर आदळलं. "दगड कुणी तपासलं? बोल!"

मी बोट केलं — चाचाकडं. "ह्यानं भट्टीत घातलं. मला न विचारता."

सगळे त्याच्याकडं वळले. चाचानं माझ्याकडं बघितलं. अजून विश्वास होता त्याच्या डोळ्यांत. "साहेब, मी तर तवाच —"

भट्टीची लोखंडी सांडशी हाताशी होती. मी ती त्याच्या तोंडावर हाणली. मग परत. मग परत. दात फरशीवर पडले. तो खाली बसला तरी मी हाणतच होतो. शेवटी मला मारायला आलेल्या माणसांनीच माझे हात धरले. "सोडा, मरंल की म्हातारा!"

चाचा जगला. जबडा वाकडा जुळला. पुढं तो जे बोलायचा, ते फक्त त्याच्या बायकोला कळायचं. त्याच्या चुकीनं भातं गेली, असंच त्या गावात अजून सांगतात.

आता राहिलेलं सांगतो. त्या दिवशी मला राग आलाच नव्हता. डोकं थंड होतं. मारायला पाठ होती, दंड होते, पाय होते. मी तोंड निवडलं. त्यानं ते वाक्य पुरं करू नये म्हणून.