थांब बा…

काल सकाळी गंगव्वा गेल्या. संकेश्वरहून त्यांच्या सुनेनं आक्काला फोन करून सांगितलं आणि आक्कानं मला. आक्का म्हणजे माझी मोठी बहीण, निपाणीत प्राथमिक शाळेत शिकवते. गंगव्वा आमच्या नात्यातल्या नव्हत्या… तरी आक्काला फोनवर धड बोलता येत नव्हतं.

सत्तरच्या दशकाची अखेर होती. पुणे-बंगलोर हायवे तेव्हा निपाणीच्या मधूनच जायचा. रस्त्याला लागून एकाच आवारात दोन शाळा, इकडं मराठी, तिकडं कानडी, आणि दोन्ही एकदमच सुटायच्या.

आमच्या बाईंनी एक नियम घालून दिला होता. चौथीच्या पोरांनी पहिलीच्या पोरांचा हात धरायचा आणि रस्ता ओलांडून द्यायचा. पोर कुठल्या शाळेचं, हे विचारायचं नाही. आक्का चौथीत होती, मी दुसरीत. आक्काला त्या कामाचा फार अभिमान होता.

गंगव्वांचा बसू त्या वर्षी कानडी पहिलीत आला. आई-वडील गोकाककडून तंबाखूच्या वखारीत कामाला आलेले, पोराला मराठी अजिबात येत नव्हतं. आमची पोरं त्याला चिडवायची, "काय रं बसू, बसू का उठू?" त्याला काही कळायचं नाही. पण सगळे हसले की तोही हसायचा.

आमच्या घरात बोलताना शेवटी 'बा' असायचाच. ऊठ बा, जेव बा, नगं बा… आप्पांची, आमच्या वडिलांची, ती सवय, आम्हा सगळ्यांना लागलेली.

त्या दिवशी आक्का पोरांची पहिली खेप घेऊन पलीकडे गेली होती. बसू मागून आला आणि अलीकडच्या कडेला एकटाच उभा राहिला. तेवढ्यात कोल्हापूरच्या बाजूनं पोती भरलेला ट्रक आला. आक्कानं हात वर केला आणि ओरडली, "थांब बा! थांब बा!"

बसू तिच्याकडे बघून हसला… आणि धावत निघाला.

पुढचं लिहीत नाही. मी शाळेच्या फाटकात होतो, एवढंच सांगतो.

लोक हळहळले. पण चौकात, वखारीत, पिठाच्या गिरणीत एकच बोलणं. "पोरगी घसा फोडून वरडत हुती, पोरगंच लई अवखळ. ऐकलं न्हाय त्यानं." आक्कानं अंथरूण धरलं. ताप उतरेना, घास उतरेना.

काही दिवसांनी गंगव्वा आमच्या दारात आल्या. आई घाबरली, मध्ये उभी राहिली. गंगव्वा मोडक्या मराठीत म्हणाल्या, "भांडाया न्हाय आलो. पोरीला एक इचारतो." मग आतल्या अंथरुणाकडे बघून त्यांनी विचारलं, "काय म्हटलीस गं त्याला? लोकं म्हंत्यात, त्यानं ऐकलं न्हाय. माझं पोरगं ऐकणारं हुतं."

आक्का उठून बसली. "थांब बा म्हटलं… दोनदा म्हटलं."

"बा?"

"व्हय."

गंगव्वा उंबऱ्यावरच बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "आमच्यात बा म्हंजे ये."

आईनं पदर तोंडाला लावला. आप्पा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. गंगव्वांच्या चेहऱ्यावर मात्र, कसं सांगू, दुःखातच काहीतरी सैल झालं. "म्हंजे ऐकलं त्यानं," त्या म्हणाल्या. "तू बोलावलीस असं वाटलं… आला."

मग त्यांनी आक्काला जवळ ओढलं आणि कानडीत म्हणाल्या, "निन्न तप्पल्ल, मगळे." तुझी चूक नाही, पोरी.

आक्का शाळेत जायला लागली. पण शाळा सुटली की फाटकाला पाठ लावून उभी राहायची. "मी न्हाय कुणाचा हात धरणार," म्हणायची. बाईंनी समजावलं, आप्पांनी समजावलं. एके दुपारी वखारीच्या सुट्टीत गंगव्वा आल्या आणि पहिलीतल्या एका पोरीचा हात त्यांनी आक्काच्या हातात दिला. "ह्यांला कोण न्हेणार गं? धर. आनि थांबवायचं असलं तर निल्लु म्हण. म्हण बघू… निल्लु."

आक्का रडत रडत म्हणाली. मग बाईंनी दोन्ही शाळांच्या पोरांना तळहात दाखवून दोन्ही शब्द शिकवले. मराठीला निल्लु, कानडीला थांब. आमच्या घरातला 'बा' तेव्हाच गेला. आप्पा कधी सवयीनं "ऊठ…" म्हणायचे आणि मध्येच थांबायचे.

पुढं आक्का त्याच शाळेत शिक्षिका झाली. दर वर्षी शाळा उघडते त्या दिवशी ती पहिलीच्या मुलांना रस्त्याच्या कडेला नेते. अलीकडे ती, पलीकडे गंगव्वा; तळहात वर करून दोघी पोरांकडून दोन्ही शब्द म्हणून घ्यायच्या. गंगव्वा थोरल्या मुलाकडे संकेश्वरला राहायला गेल्या, तरी त्या दिवशी एसटीनं यायच्या. गेल्या वर्षी काठी टेकत आल्या होत्या… तळहात मात्र तसाच उंच. हायवे आता गावाबाहेरून जातो. तरी या रस्त्यावर गाड्या काही कमी नाहीत.

सोमवारी शाळा उघडते आहे. पलीकडे या वर्षी मी उभं राहायचं, असं आक्कानं काल सांगितलं. शब्द येतो ना, म्हणाली. येतो म्हटलं… तरी तिनं तो फोनवर माझ्याकडून दोनदा म्हणून घेतला.